एका अर्जामागे चालून बघ

एडिसन, न्यू जर्सी



पहिल्याच नोकरीत कर्जमंजुरीची सिस्टीम तुझ्याकडे आली, वाचून बरं वाटलं. ‘काका, आधी कोणत्या खात्याची स्क्रीन करू?’ असं विचारलंस. माझं ऐकशील तर इतक्यात एकही नको.

इथून जवळ, कनेक्टिकटमध्ये, आयबीएम क्रेडिट नावाची कंपनी होती. आयबीएमची यंत्रं घेणाऱ्यांना ती कर्ज देई. फोन घेणारा, पत तपासणारा, अटी बदलणारा, व्याज ठरवणारा, पत्र तयार करणारा अशा ५ टप्प्यांतून अर्ज फिरे. सरासरी ६ दिवस जात. तेवढ्यात गिऱ्हाईक निसटे. शेवटी दोन वरिष्ठ साहेब एक अर्ज हातात घेऊन टेबलाटेबलाशी गेले. ‘हातातलं बाजूला ठेवा, हा आधी करा,’ म्हणाले. सगळं काम ९० मिनिटांत उरकलं! बाकीचा वेळ अर्ज नुसता पडून असे. मग अख्खा अर्ज एकाच माणसाकडे दिला, लागेल ती माहिती त्याला संगणकावर दिली आणि तज्ज्ञ फक्त अवघड प्रकरणांपुरते ठेवले. ६ दिवसांचं काम ४ तासांवर आलं.

मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांच्या १९९३च्या पुस्तकात हा दाखला आहे. हॅमरने १९९०च्या लेखात फोर्डचा सांगितला होता. तिथे बिलं चुकवणाऱ्या खात्यात ५००हून जास्त माणसं ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल जुळवत बसत. फोर्डने बिल घेणंच बंद केलं: माल ऑर्डरप्रमाणे आला की पैसे. त्या खात्यातली माणसं ७५ टक्क्यांनी घटली.

या आकड्यापाशी जरा थांब. काम असं मुळापासून नव्याने मांडण्याची ही पद्धत पुढे नोकरकपातीचं दुसरं नाव झाली. माणसांचा विचार कमी पडला, हे हॅमरनेही नंतर कबूल केलं.

मी तिशीत एका ऑफिसात ११ सह्यांसाठी ११ स्क्रीन बांधल्या होत्या. शाबासकी मिळाली. पण टेबलावर अडणारा कागद आता इनबॉक्समध्ये अडू लागला, एवढाच फरक. कुठली सही फुकट, ते तिथल्या क्लार्कबाईंना पाठ होतं. मी त्यांना विचारलंच नाही.

तेव्हा सोमवारी एक अर्ज उचल आणि त्याच्यामागे चाल. प्रत्येक टेबलाशी खुर्ची ओढून बस, चहा घे, विचार. कोड त्यानंतर लिही.

तुझा,
काका