सरमेचा प्रश्न

कुत्र्यावरील दयेचा विषय निघाला म्हणजे आमच्याकडे दोन कथा हटकून सांगितल्या जातात: युधिष्ठिराबरोबर स्वर्गद्वारापर्यंत गेलेल्या कुत्र्याची, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची. दोन्ही गोड आहेत. परंतु पहिल्या कुत्र्याच्या रूपानें साक्षात् धर्म आला होता व दुसऱ्याच्या रूपानें विठ्ठल, हें शेवटीं उघड होतें, आणि दया फुकट गेली नाहीं या समाधानानें श्रोते उठतात. आदिपर्वांतील तिसरी कथा मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येते. जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणीं आलेल्या एका पिलास राजाच्या भावांनीं मारलें. तें रडत आईकडे गेलें. तेव्हां सरमा तेथें येऊन विचारूं लागली कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलें देखील नाहीं. मग त्यास कां मारलें? ती देवांची कुत्री खरी, पण त्या वेळीं केवळ आई म्हणून उभी होती. तिला कोणींहि उत्तर दिलें नाहीं.

आमच्या जिन्याखालीं एखादी बेवारशी कुत्री व्याली कीं तोच प्रश्न आमच्यापुढें येतो. आम्हीं तिला बोलावलें नव्हतें, असें पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, व तें अक्षरशः खरेंहि आहे. परंतु फाटकाशीं उष्टें टाकणारे आम्हीच. त्या उष्ट्यावर ती वाढली आणि आमची वस्ती हेंच तिचें रान झालें. जिला आपल्या दारीं जगावयास लावलें, तिचें बाळंतपण तेवढें परकें, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं.

मात्र नुसता कळवळा येथें पुरत नाहीं. कित्येकदां तो घातकच होतो. पिलें आंधळीं व बहिरीं जन्मतात. डोळे उघडण्यास १० ते १४ दिवस लागतात. तोंवर त्यांस स्वतःची ऊब धरतां येत नाहीं. आईनें चाटल्यावांचून मलमूत्रविसर्जनहि होत नाहीं. अशा पिलास उचलून घरोघर मिरविणें ही दया नव्हे, हौस आहे. आमचें लक्ष पिलांच्या मऊ अंगाकडे जातें; गळालेल्या, केस झडलेल्या आईकडे जात नाहीं, आणि जवळ जातांच ती गुरगुरली तर आम्ही तिला कृतघ्न ठरवितों. वस्तुतः तिला सांभाळलें म्हणजे पिलें बहुतेक सांभाळलींच जातात. कोरडी आडोशाची जागा, खालीं गोणपाट, सदैव पाणी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत नेहमींच्या दुप्पट-तिप्पट अन्न, इतकेंच तिचें मागणें. एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. लहान चणीच्या व पुष्कळ पिलांच्या आईच्या रक्तांतील कॅल्शियम कधीं कधीं दुधावाटें एकाएकीं उतरतें. ती अस्वस्थ होऊन धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरतें. त्या वेळीं दुधाची वाटी पुढें करून भागत नाहीं. तात्काळ पशुवैद्य गांठावा लागतो, नाहीं तर ती दगावते.

अवघड भाग पुढेंच आहे. पिलांचें दूध तुटल्यावर तिची नसबंदी करावी काय? सन २००१ च्या केंद्रीय नियमांनीं गाभण कुत्रीचा गर्भपात वा नसबंदी न करितां, पिलें होईपर्यंत तिला सोडून द्यावें असें ठरविलें होतें. म्हणजे चालू मातृत्वास मान, पुढील मातृत्वास बंदी. ज्याचें कौतुक केलें तेंच हिरावून घ्यावें यांत विसंगति आहे, असा आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. तथापि रस्त्यावर जन्मलेल्या पिलांपैकीं थोडींच वर्षभर जगतात. बाकीचीं चाकाखालीं, उपासानें, रोगानें जातात, आणि दर वेतास तीच गत. आम्ही नसबंदीच्या बाजूचे आहों. पण ती केवळ तिच्याच कल्याणासाठीं, असें म्हणणें आम्हांस ढोंग वाटतें. तिला कोणीं विचारलेलें नसतें; चावा, रेबीज आणि रात्रींचा गोंगाट यांचें आमचें भयहि त्यांत आहे. आपल्या सोयीसाठीं तिच्यापासून इतकें घ्यावयाचें, तर तिची जागा तरी तिच्याकडे राहावी. सन २०२३ च्या नियमांतहि शस्त्रक्रियेनंतर कुत्रें जेथून धरलें तेथेंच सोडावें असें सांगितलें आहे. प्रत्यक्षांत मात्र व्याल्यावर तिसऱ्या दिवशींच कोणी तरी पिलें पोत्यांत भरून दुसऱ्या गल्लींत नेऊन ठेवतो, आणि ती रात्रभर जिना हुंगत फिरते.