रस्ता रस्त्यावरच शिकवावा

जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सुरू झाले की शाळांतून चित्रकला स्पर्धा होतात, घोषवाक्यं लिहिली जातात, आर.एस.पी.ची (रोड सेफ्टी पेट्रोल) मुलं फेरी काढतात. लाल दिवा लागला की थांबायचं, हे पहिलीतलं मूलही सांगतं. पण शाळा सुटल्यावर ते ज्या रस्त्यावर येतं, तिथे बहुधा सिग्नल नसतो, झेब्रा पट्टे पुसलेले असतात आणि फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात. तिथे काय करायचं, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची मुलं नऊ हजारांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या संकटाला फळ्यावरचा धडा पुरणार नाही. मुलाचा हात धरून त्याच्याच वाटेवर शिकवायला हवं. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर पहिली गाडी उजवीकडून येते. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं ते यासाठी. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. शाळेच्या व्हॅनमधून उतरल्यावर तिच्या पुढून पळायचं नाही. व्हॅन निघून गेली, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसला, की मगच ओलांडायचा. उभ्या टेम्पोशेजारी मुलाला एकदा उभं करून दाखवावं, की त्याला इथून रस्ता दिसत नाही, तसंच गाडीवाल्यालाही तो दिसत नाही. ज्या नियमाचं कारण कळलं, तो मुलं विसरत नाहीत.

तरीही शिकवण्याला मर्यादा आहे. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात अकरा मीटर पुढे येते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती दिसते, पण ती किती वेगात आहे याचा अंदाज त्याला नीट करता येत नाही. ही समज वयाबरोबरच येते. दटावून ती लवकर येत नाही. म्हणून अपघातानंतर ‘मूलच अचानक आडवं आलं’ हे म्हणणं मला पटत नाही. मूल अचानकच येणार, हे धरून गाडी चालवणं हे मोठ्यांचं काम आहे.

आणि मूल खरं शिकतं ते आपल्याकडे बघून. स्कूटरवर पुढे उभं राहून ते सगळं पाहत असतं: बाबांचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं आहे, चौकात पोलीस दिसल्यावर ते डोक्यावर चढतं, वळसा नको म्हणून गाडी उलट दिशेने जाते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची वेगमर्यादा नियमात आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला वा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी दहावीतल्या मुलाच्या हाती आपण कौतुकाने किल्ली देतो.

या आठवड्यात एवढं करा: मुलाच्या शाळेची वाट त्याच्यासोबत पायी चाला. कधी ओलांडायचं ते त्याला सांगू द्या, तुम्ही हात धरून राहा. मग त्याच वाटेवर हेल्मेट घालून, वेग कमी ठेवून गाडी चालवा. त्या रस्त्यावरचं प्रत्येक मूल तुमच्याही भरवशावर चालत असतं.