सवलतीच्या वर्षांचे व्याज

शैक्षणिक कर्जाची चर्चा आपल्या घरांत दोनदाच होते: कर्ज मंजूर होते तेव्हा आणि पहिला हप्ता कापला जातो तेव्हा. मधली चार-पाच वर्षे त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुले शिकत असतात, हप्ता सुरू झालेला नसतो, बँकेचा फोन येत नाही. म्हणजे सगळे ठीक चालले आहे असे धरले जाते. प्रत्यक्षात कर्ज जड होते ते याच निवांत वर्षांत. ते फेडायचे कसे, हा प्रश्न पहिल्या पगाराच्या दिवशी सुचला तर बराच उशीर झालेला असतो.

साधा हिशेब मांडू. अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी १० लाखांचे कर्ज, दरवर्षी अडीच लाख उचल, व्याजदर १० टक्के. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, ही सवलत. पण त्या काळात सरळव्याजाने साडेतीन लाख रुपये चढतात आणि हप्ता सुरू होतो तो साडेतेरा लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे १७,८०० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण एकूण फेड २१ लाखांवरून २६ लाखांवर जाते. याउलट शिकत असतानाच नुसते व्याज भरत गेले, तर पहिल्या वर्षी महिन्याला दोन-सव्वादोन हजार, शेवटी आठ-साडेआठ हजार पडतात आणि पुढचा हप्ता १३,२०० वर थांबतो. ज्या घरांना हे अजिबात झेपणार नाही अशी घरे आहेतच. पण निदान पहिल्या दोन वर्षांचे व्याज झेपले असते अशीही पुष्कळ आहेत. त्यांनी ते भरले नाही, कारण भरता येते हेच कोणी सांगितले नाही.

न सांगण्यामागे आपली एक जुनी माया आहे. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचे मी बघतो,' असे वडील म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. कागदावर मात्र मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो, पालक सहकर्जदार. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि पत दोघांची बिघडते. ज्याच्या नावावर पुढची दहा-पंधरा वर्षे ही रक्कम राहणार, त्याला व्याजदर स्थिर आहे की बदलता, हेही ठाऊक नसते. मायेपोटी दिलेले हे अज्ञान महाग पडते.

दोष एकट्या घराचा नाही. शिक्षणाच्या पैशाची जोखीम कोणी उचलायची, ही व्यवस्थाच बदलली आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते शिष्यवृत्ती देऊन, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. तो करार पुढे निभला नाही. बडोद्यातल्या अस्पृश्यतेने त्यांना राहायला जागाही मिळू दिली नाही. पण कराराची रचना पाहण्यासारखी होती: शिक्षणाला पैसा देणारा नोकरीचीही हमी देत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत भार विद्यार्थ्याच्या श्रमांवर होता, पण तो शिकता शिकताच फिटत होता. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली, २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि हिशेब बदलला. शुल्क संस्था आकारू लागली, पैसा बँक देऊ लागली, नोकरीची हमी कोणीच देईनासे झाले. सगळी जोखीम एकवीस-बावीस वर्षांच्या पदवीधराच्या अंगावर आली.

ही जोखीम किती मोठी आहे? मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या अभियंत्याला मिळणारा पगार दशकाहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. हातात येणाऱ्या पंचवीस-सव्वीस हजारांतून पुण्यातले खोलीभाडे आणि मेसचे पैसे गेले की १७,८०० कुठून काढायचे? सरकारी सवलती आहेत, पण त्या नेमक्या इथे तोकड्या पडतात. व्याजावरची प्राप्तिकर वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षे मिळते. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. ज्या साध्या खासगी महाविद्यालयांत अनेक कर्जदार शिकतात, ती बहुतेक या यादीबाहेर राहतात.

मग हाती काय उरते? कर्ज किती घ्यायचे हे शुल्क पाहून नव्हे, पहिला पगार पाहून ठरवणे. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी माहिती देणाऱ्या संस्था नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार जाहीर करतात. माहितीपत्रकातल्या 'सर्वोच्च पॅकेज'पेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक असतो. हप्ता त्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाणार असेल, तर महाविद्यालय, शाखा किंवा कर्जाची रक्कम यांतले काहीतरी बदलायला हवे.

हप्ते सुरू झाल्यावर घाईही नको आणि लपवाछपवीही नको. ऋण म्हणजे कलंक, अशा शिकवणीत वाढलेली मुले सगळी शिल्लक मुद्दलात घालतात आणि पुढच्या आजारपणात क्रेडिट कार्ड काढतात, ज्याचे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असते. आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, मग जादा रक्कम भरावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. नोकरी गेली तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. बँकेला टाळणाऱ्याला मिळणारी सवलत नव्वद दिवसांनी संपते.

शुल्कावर लगाम घालणे आणि नोकऱ्या निर्माण करणे ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती मागत राहायला हवी. पण यंदा ज्यांच्या घरात कर्जाचा अर्ज भरला जातो आहे, त्यांनी एवढे करावे: सहीच्या दिवशी मुलाला किंवा मुलीला शेजारच्या खुर्चीवर बसवावे, परतफेडीचे पूर्ण कोष्टक छापून मागावे आणि ते त्यांना स्वतः वाचू द्यावे. कर्ज ज्याच्या नावावर आहे, त्याला त्याचा आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असलाच पाहिजे.