पितळेचं म्हातारपण

भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाला पितळेविषयी बोलण्याचा जन्मसिद्ध हक्क असतो. नागपूरकरांनी संत्र्यांवर बोलावं, जळगावकरांनी केळ्यांवर बोलावं, आणि आम्ही पितळेवर. आमच्या गावाचं नावच पितळी भांड्यांमुळे दूरवर गेलं. त्यामुळे समोर कुठलीही वस्तू आली की अस्सल भंडारेकर मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो. ही पितळेसारखी म्हातारी होणार, की प्लॅस्टिकसारखी?

फरक साधा आहे. पितळेचा गुंड कळकतो, त्याला पोचे येतात, काठ झिजतो. पण चिंच लावून घासला की पुन्हा लखलखतो. पोचा ठोकून काढता येतो, कल्हई परत लावता येते. प्लॅस्टिकच्या बादलीचं तसं नाही. पहिल्या दिवशी ती नव्या नवरीसारखी लालबुंद असते. पहिल्या उन्हाळ्यात तिचा रंग उडतो, दुसऱ्या उन्हाळ्यात तिला तडा जातो. तिच्या नशिबी म्हातारपण नाहीच. तारुण्य संपलं की थेट भंगारवाला.

हा प्रश्न मी अलीकडे वाहनांना विचारायला लागलो आहे. त्याचं कारण आमच्या अंगणात उभं असतं. १९८४ सालची स्कूटर. ती विकावी असं चिरंजीवांचं मत आहे. ती सुंदर आहे असं माझं मत आहे. 'सुंदर' म्हणजे काय, हे आधी सिद्ध करा, असं सौ.चं मत आहे. गेली चाळीस वर्षं या घरात मला वरचेवर काही ना काही सिद्ध करावं लागतं; पण सौंदर्यशास्त्रापर्यंत प्रकरण पहिल्यांदाच गेलं.

सौ.ने स्वतःचं उत्तर लगेच देऊन टाकलं. "तुमचं तरुणपण त्या स्कूटरवर गेलं, म्हणून ती तुम्हाला सुंदर दिसते. दुसरं काही नाही."

बायकोचं म्हणणं चटकन खोडून काढू नये, हे मी जाणतो. मी दोन दिवस विचार केला. मग लक्षात आलं की माझं तरुणपण तसं कचेरीतल्या फायलींच्या कपाटासमोरही गेलं. त्या कपाटाविषयी मला कधी भरून आलेलं नाही. शिवाय चेतक स्कूटर बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर २०२० साली बजाजने त्याच नावाची विजेवरची स्कूटर काढली, ती जुन्या स्कूटरची वळणं सांभाळून. ती घेणाऱ्या पोरापोरींपैकी कितीतरी जणांनी जुनी चेतक कधी चालवलेली नसणार. म्हणजे आठवणींचा हिशेब वजा केला तरी काहीतरी शिल्लक उरतं.

ते काय, हे पाहायला जरा इटलीला जावं लागतं. आपली चेतक १९७२ सालची. पण तिचं घराणं व्हेस्पाचं. व्हेस्पाचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानियो हे विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. गंमत अशी की या गृहस्थांना मोटरसायकल आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात, टांग टाकून चढावं लागतं, पंक्चर झालं की चाक काढताना नाकी नऊ येतात, अशा त्यांच्या तक्रारी. मग त्यांनी १९४६ साली काय केलं? इंजिन पत्र्याखाली झाकलं. साखळी काढूनच टाकली. पायांसमोर ढाल उभी केली. आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते पटकन काढता यावं.

यात कुठेही 'सुंदर करू या' असा विचार दिसत नाही. माणूस सरळ बसावा, त्याचे कपडे राहावेत, एवढीच काळजी दिसते. पुढे ती काळजी भारतात आली आणि आपण तिचा पुरेपूर फायदा घेतला. मागे नऊवारी-पाचवारी एका बाजूला बसली, पुढे पोर उभं राहिलं, हुकाला भाजीची पिशवी लागली आणि पायांमधे गॅसचं सिलिंडर आलं. उजव्या गालात इंजिन, डाव्या गालात डिकी. सकाळी स्कूटर तिरकी करून सुरू करणं हा तर तेव्हाचा राष्ट्रीय व्यायाम होता. विजेच्या स्कूटरमधलं इंजिन गेलं, पण गाल राहिले. दात पडले तरी हसणं तेच ठेवावं, तसं.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनीही विमानाकडेच पाहिलं. पण त्यांनी विमानाचं शेपूट घेतलं! १९५९ सालच्या कॅडिलॅक गाडीला मागे दोन उंच उभे पंख आहेत. ती गाडी उडत नव्हती आणि उडणारही नव्हती. पुढच्या पाच-सात वर्षांत ते पंख गळून गेले. कारण तिथे दरवर्षी नवं रूप काढायचं आणि गेल्या वर्षीचं रूप जुनाट दिसू लागेल असं पाहायचं, हा धंद्याचाच भाग होता. आज शौकीन लोक ती गाडी मोठ्या किमतीला घेतात हे खरं. पण ते जुन्या नटीचा जरीचा शालू घेण्यासारखं आहे. कपाटात ठेवायला उत्तम. रोज नेसणार कोण?

दोघांनीही विमानाकडून उसनं घेतलं. एकाने उपयोग घेतला, दुसऱ्याने ऐट घेतली. उपयोगाला वय लागायला वेळ लागतो, आणि ऐटीचं वय तर पहिल्या दिवसापासूनच मोजायला लागतात.

जीपचंही तसंच. १९४० साली अमेरिकन लष्कराला घाई होती. नमुना ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या घाईत सौंदर्याला कोण विचारतो? पत्रा सपाट ठेवला, कारण सपाट पत्रा लवकर होतो. तरीही १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आठ मोटारी कलाकृती म्हणून मांडल्या, तेव्हा त्यांत जीप होती. आमच्याकडे वनखात्याच्या जीपला कलाकृती कुणी म्हटलं नसतं. पण नागझिऱ्याच्या जंगलातून ती धुळीने माखून बाहेर आली की अधिकच शोभायची. १९९९ साली जिल्ह्याची वाटणी झाली आणि नागझिरा बहुतेक गोंदियाकडे गेलं. धूळ मात्र आमच्याकडे भरपूर उरली.

इतकं सगळं जमवून मी आमच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने माझं व्याख्यान पान्हा हातात धरून ऐकलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "काकाजी, याले पोचा आला तं ठोकून काढता येते. नव्या गाडीचा पार्ट तुटला तं बदलाच लागते. मंग मी मेस्त्री कायचा? दुकानदारच झालो ना!"

मला जे कॅडिलॅक-व्हेस्पा करून सांगता आलं नाही, ते त्याने सांगितलं. जी वस्तू दुरुस्त होते, तिच्यात माणसाचा हात साठत जातो. पोच्याची खूण, सांध्याची रेघ, दुसऱ्यांदा दिलेला रंग. हे तिचे सुरकुत्यांचे दागिने. जी फक्त बदलता येते, तिला इतिहास नसतो. नुसती बिलं असतात.

इथे लेख संपवला असता तर माझा विजय झाला असता. पण आडवी आली बैलबंडी. तिचं चाक पाहा. लोहार लोखंडी धाव तापवून फुगवतो, लाकडी चाकावर चढवतो, वर पाणी ओततो. धाव आवळते आणि सगळे आरे घट्ट होतात. खिळ्याशिवाय, नुसत्या उष्णतेने आणि पाण्याने. उन्हाळ्यात लाकूड आटलं की चाक पाण्यात भिजवायचं. सगळ्या कसोट्यांना शंभरपैकी शंभर! आणि तरीही धानाची पोती वाहणाऱ्या शेतकऱ्याने ते काढून टायर लावले. का? तर बैलांना ओढायला हलकं जातं म्हणून. हमरस्त्यावरच्या ढाब्यांसमोर ते लाकडी चाक आता पांढरा रंग लावून उभं असतं. त्याच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. सौंदर्याचा हा निकाल देताना बैलाला कुणी विचारलं होतं का?

तेव्हापासून मी माझ्या व्याख्येला एक कलम जोडलं आहे. वाहनाचं म्हातारपण सुंदर आहे की नाही, हे ते चालवणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नाही. ते ओढणाऱ्यालाही विचारायचं, आणि त्याच्या मागून येणाऱ्यालाही. माझी स्कूटर मला कितीही देखणी वाटो; तिच्यामागून शाळेत निघालेल्या पोरीला तिची वळणं दिसत नाहीत, धूर दिसतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांनी गहिवरून निरोप दिला. गहिवर खरा होता आणि निरोपही योग्य होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आपल्याला फार उशिरा कळतं. विशेषतः निरोप आपलाच असेल तर.

हे माणसांनाही लागू आहे, हे सौ.ने सांगायच्या आधीच माझ्या ध्यानात आलं. पोचे लपवू नयेत, दुरुस्ती नाकारू नये, मानाच्या जागी रंग लावून उभं राहण्यापेक्षा झेपेल ते काम करावं, आणि आपला धूर दुसऱ्याच्या नाकात जातो आहे का, ते अधूनमधून मागे वळून पाहावं. स्कूटरबाबत मी चिरंजीवांशी तह केला आहे. धुराची तपासणी पार पडते तोवर ती बाजारात जाईल. शोभेला म्हणून एक दिवसही उभी राहणार नाही.

आणि नंतर? तेही पितळेनेच शिकवलं आहे. मराठीत 'मोडीत काढणं' हा शब्द आपण अपमानासारखा वापरतो. भंडाऱ्याच्या भट्टीला विचारा. तिथे मोडीत गेलेला गुंड वितळतो, आणि पुन्हा कुणाच्या तरी घरी पाणी भरायला जातो.