मीन, कपोत आणि मरळ

गोड्या पाण्यात गळाने मासा धरण्याची विद्या नव्याने शिकू पाहणाऱ्याला सुरुवातीला जे शिकावे लागते, ते वरवर पाहता केवळ हाताचे काम असते: दोराची गाठ पाण्यात सुटणार नाही अशी मारणे, गळाचे टोक झाकेल इतपत गांडूळ ओवणे, काठावर सावली न पाडता बसणे आणि दोर थरथरताच न ओढता मासा आमिष पुरते तोंडात घेईपर्यंत थांबणे. भारतीय धर्मविचाराने मात्र या हाताच्या कामाकडे फार पूर्वीपासून आचाराचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. आणि ज्याचे पोट माशावर अवलंबून नाही, अशा माणसाने मासा धरायला शिकावे काय, व शिकायचेच तर त्यासोबत आणखी काय शिकावे, हा त्या प्रश्नाचा आजचा आणि सर्वांत अवघड भाग आहे.

वैजापूर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तालुक्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते, शहराजवळ नारंगी धरणाचा जलाशय आहे, आणि नदीच्या पात्रातच सराला बेट हे गंगागिरी महाराजांचे स्थान असून त्यांच्या नावाने चालणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. या काठावर तुळशीची माळ घातलेला, म्हणजे मांस व मासे वर्ज्य करण्याचे व्रत घेतलेला माळकरी आणि जाळ्यावर संसार चालवणारा भोई पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत, आणि दोघांनाही आपापला धर्म ठाऊक आहे. हौसेने गळ हाती घेणारा नवशिका या दोघांपैकी कोणातच बसत नाही: माळकऱ्याचे व्रत त्याने घेतलेले नाही, आणि भोयाची गरज त्याला नाही.

भोयाविषयी शास्त्राने जो विचार केला, तो नवशिक्याच्या बाबतीत उपयोगी पडतो. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य आदी पाच यम सांगितले असून जाती, देश, काल आणि समय यांनी ते मर्यादित होत नाहीत तेव्हाच त्यांना ‘महाव्रत’ म्हणावे, असे म्हटले आहे. येथे जाती म्हणजे प्राण्याचा प्रकार आणि समय म्हणजे ठरवून घेतलेला प्रसंग किंवा संकेत. या सूत्रावरील व्यासभाष्याने मर्यादित अहिंसेचे पहिले उदाहरण म्हणून मासे मारणारालाच पुढे केले आहे, कारण त्याची हिंसा माशांपुरतीच असते, इतर प्राण्यांच्या बाबतीत तो अहिंसा पाळतो. त्यापाठोपाठ तीर्थात मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही, अशा देश-कालाच्या मर्यादा येतात. अशा मर्यादित व्रताला अभ्यासक बहुधा कनिष्ठ ठरवून पुढे जातात. परंतु भाष्यकाराने कोळ्याला अहिंसेच्या बाहेर न ठेवता तिच्या कक्षेत जागा दिली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे भाविकांनी पवित्र मानून राखले, श्रावणात पुष्कळ घरांतून मासा चुलीवर चढत नाही. या साऱ्या देश-कालाने बांधलेल्या अहिंसाच आहेत, आणि भोयाच्या मुलाला त्या जाळे विणण्याबरोबरच, वेगळे शिकवावे न लागता, मिळत आल्या आहेत. हौशी नवशिक्याला काठी आणि रीळ दुकानात मिळते, गाठ मारण्याची रीत मोबाइलवर दिसते. मर्यादा मात्र तशी मिळत नाही.

ही मर्यादा कोठे लागते, हे एका माशाच्या निमित्ताने स्पष्ट होते. परदेशी हौशी मंडळींची गळाची शिकवणी बहुधा बास या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या शिकारी माशापासून सुरू होते. गोदावरीच्या खोऱ्यात त्याच्या जागी मरळ आहे. तीही शिकारी, लव्हाळ्याच्या व पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरणारी, उथळ पाण्यात बेडूक व लहान मासे टिपणारी. कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेण्याची सोय असल्यामुळे ती अधूनमधून पृष्ठभागावर येते, आणि त्या बुडबुड्यावरून तिचा ठाव लागतो. पावसाळ्यात मुख्यतः तिची वीण होते. उथळ पाण्यातल्या वनस्पतींमध्ये जागा मोकळी करून अंडी घातली जातात, त्यांतून निघालेली लालसर-केशरी पिल्ले दाट घोळक्याने पृष्ठभागाशी हलत राहतात, आणि त्या घोळक्याच्या खाली मोठी मरळ पहारा देत असते. बासचा नरही असाच घरट्यावर उभा राहतो. पिल्लांवर काहीही आले तरी पहारेकरी त्यावर तुटून पडतो, भूक असो वा नसो. म्हणूनच नवशिक्याच्या अडाणी हातालाही त्या दिवसांत मोठा मासा सहज लागतो, आणि पहारा उठल्यावर तो घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत मीन, म्हणजे मासा, आहे, कारण जिभेच्या चवीपायी तो गळाला लागतो. आणि त्यांतच कपोत, म्हणजे कबूतर, आहे, कारण जाळ्यात सापडलेल्या पिल्लांच्या मोहाने तो स्वतः होऊन जाळ्यात उतरतो. याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली आणि १५७३ मध्ये ती काशीला पूर्ण केली. ते पैठण वैजापूरच्या याच गोदावरीवर, खालच्या अंगाला आहे. पहाऱ्यावरची मरळ या दोन गुरूंना एका देहात आणते: ती दिसते मीन, पण गळाला लागते ती कपोत म्हणून. शिकारी तिच्या भुकेवर गळ टाकतो तेव्हा निदान भूक भुकेला भेटते, असे म्हणता येईल. वात्सल्यावर गळ टाकणे ही निराळी कृती आहे, आणि दोन्हींना ‘मासा लागला’ हा एकच शब्द वापरल्याने ती एक होत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. मरळीसाठी हल्ली रबराचा बेडूक वापरतात. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो शेवाळात न अडकता पाण्यावर सरकतो, आणि माशाने जबडा आवळला की रबर दबून गळांची टोके उघडी पडतात. गांडुळाच्या आमिषात खाद्य तरी खरे असते. येथे तेही खोटे असते, म्हणजे अहिंसेबरोबर सत्य या दुसऱ्या यमालाही धक्का लागतो. यावर हौशी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: मासा धरून पुन्हा पाण्यात सोडला, तर हिंसा कोठे झाली?

या उत्तराची कसोटी सोमदेवसूरी या जैन आचार्यांकडे सापडते. वेरूळच्या जैन लेण्यांना ज्या राष्ट्रकूट काळात बहर आला, त्याच्या उत्तरार्धात, ९५९ मध्ये, त्यांनी ‘यशस्तिलक’ पूर्ण केले. पाप-पुण्य हे मनातील संकल्पावर ठरते, हे सांगताना त्यांनी धीवर, म्हणजे कोळी, आणि शेतकरी यांची जोडी घेतली: नांगरताना शेतकऱ्याकडून जीव मरतात, तरी तो मारण्यासाठी नांगरत नाही, धीवर मात्र एकही मासा न लागता परतला, तरी मारण्याच्या संकल्पानेच दिवसभर पाण्याशी उभा असतो. या मापाने पाहिले तर नंतर सोडून देणे फारसे कामाला येत नाही, कारण ओठ फाटण्याची घटना संकल्पानुसार आधीच घडलेली असते. उपजीविकेच्या भोयापेक्षा हौशी माणसाला येथे अधिक उत्तर द्यावे लागते, असेच म्हणणे भाग आहे.

परंतु त्याच ग्रंथात मृगसेन धीवराची कथा आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देईन, एवढेच व्रत मृगसेन एका मुनीकडून घेतो. पहिला मोठा मासा लागतो, तेव्हा तो ओळखू यावा म्हणून कापडाची चिंधी बांधून त्याला नदीत सोडतो, आणि त्या दिवशी जाळे पुन्हा पुन्हा टाकले तरी तोच चिंधीचा मासा येतो. पाच वेळा तो त्याला सोडतो, रिकाम्या हातांनी घरी परततो, बायको दार लावून घेते, आणि बाहेर झोपला असता सर्पदंशाने तो मरतो. पुढच्या जन्मी पाच वेळा मृत्यूच्या दाढेतून सुटतो. वरवर पाहता हीही सोडून देण्याचीच कथा आहे. भेद असा की, मृगसेनाने सोडण्याचे आधी ठरवले आणि जाळे मागाहून टाकले, आणि त्या ठरवण्याची किंमत त्याने उपाशी राहून दिली. हौशी माणूस आधी धरतो, छायाचित्र काढतो, आणि मग सोडतो.

म्हणून नवशिक्याच्या शिक्षणात गाठीच्या आधी मर्यादेचा पाठ यावा, असे मानायला आधार आहे. धरणाच्या जलाशयातील मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा तिची परवानगी हा या मर्यादेचा लौकिक भाग झाला. पण पाण्याशी उभे असताना लागणारी मर्यादा कोणताही परवाना देत नाही. ती श्रावणातल्या एखाद्या सकाळी लव्हाळ्याच्या कडेला दिसते: हाताच्या अंतरावर पाणी बारीक उकळल्यासारखे हलते, नीट पाहिल्यावर त्यात शेकडो केशरी ठिपके वळवळताना दिसतात, आणि त्यांच्याखाली एक लांबट काळी सावली स्थिर असते. रबराचा बेडूक तेव्हा काठीच्या टोकाशी लोंबत असतो, हात फेकीसाठी मागे गेलेला असतो, आणि मासा लागणार याविषयी शंका नसते. नवशिक्याने त्या वेळी दोर रिळावर गुंडाळून काठाने पुढे चालू लागणे, हा त्याचा पहिला पाठ होय.