कमावणे

काशीतला राजा घाट मराठी माणसाला परका वाटत नाही. पुण्याचं राजकारण सुटल्यावर राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इकडे आले आणि त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसून मी माझा एक अनुवाद तपासत होते. मूळ मजकूर स्पॅनिश, विषय कोर्दोबाच्या शोभिवंत चामड्याचा.

या कामाच्या दोन जाती आहेत. ‘कोर्दोबान’ म्हणजे सुमाक नावाच्या झुडपाच्या पाल्यात कमावलेलं शेळीचं मऊ, चिवट चामडं. त्याची कीर्ती एवढी, की चपला-बूट शिवणाऱ्याला फ्रेंचमध्ये ‘कोर्दोनिये’ आणि जुन्या इंग्रजीत ‘कॉर्डवेनर’ म्हणू लागले. दोन्ही शब्दांच्या पोटात कोर्दोबा शहर आहे. दुसरं ‘ग्वादामेसी’, हे नाव लिबियातल्या घदामेस गावाशी जोडलं जातं. मेंढीच्या कातड्यावर चांदीचा वर्ख चिकटवायचा, त्यावर पिवळसर रोगण चढवायचं, म्हणजे चांदी सोन्यासारखी दिसू लागते. मग ठशांनी नक्षी उठवायची, रंग भरायचे. सोळाव्या शतकात वाड्यांच्या भिंती आणि चर्चमधल्या वेदींचे दर्शनी भाग अशा चामड्याने मढवलेले असत. सोन्याचा कणही न वापरता सगळं सोनेरी.

खर्डा वाचताना मी एका परिच्छेदापाशी अडकले. वर्ख लावणाऱ्याला मी ‘चर्मकलावंत’ लिहिलं होतं. बूट शिवणाऱ्याला ‘चांभार’. आणि कातडं कमावणाऱ्याला ‘चर्मप्रक्रिया करणारे कामगार’. मुळात तीन साधी कारागिरांची नावं होती. मराठीत आणताना मी त्यांची उतरंड रचली होती, आणि हात जराही अडखळला नव्हता.

स्पेनमध्ये उतरंड नव्हती असं नाही. 1783 साली राजा तिसऱ्या कार्लोसला फर्मान काढावं लागलं, की कातडं कमावणारे, लोहार, शिंपी, मोची, सुतार यांचे धंदे प्रामाणिक आणि मानाचे आहेत, त्यांनी कुणाचं घराणं हलकं होत नाही. फर्मान काढावं लागलं, याचा अर्थ तोवर लोक उलट मानत होते. भिंतीवरचं सोनेरी चामडं सरदारांना हवं होतं. चुन्याच्या आणि कुजत्या केसांच्या वासाचं कुंड मात्र नको होतं.

माझ्या आजीच्या घरी मुंजीसाठी जपून ठेवलेलं मृगाजिन होतं. ते पवित्र. देवळातल्या पखवाजाच्या दोन्ही तोंडांवर कातडंच, पण त्याला कोणी अडवत नाही. चामड्याचं पाकीट मात्र देवघराबाहेर. तेव्हा विटाळ कातड्याला नसतो. तो ज्या हाताने ते सोललं, भिजवलं, कमावलं, त्या हाताला चिकटवलेला असतो, आणि हवा तेव्हा वस्तूवरून पुसून टाकता येतो.

त्याच संध्याकाळी घाटावरून गल्लीत चढताना चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावरच्या मोचीदादांना शिवायला दिली. डोक्यात विषय घोळतच होता, म्हणून विचारलं, चामडं तुम्ही स्वतः तयार करता का? त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, “कच्चा माल हम नहीं छूते, बहनजी। चमड़ा तो कानपुर से बना-बनाया आता है।” स्वरात किंचित दुखावलेपण होतं. मी त्यांना एक पायरी खाली लोटू पाहते आहे, असं त्यांना वाटलं असावं. प्रत्येकाचा मान दुसऱ्या कुणाच्या तरी वासावर उभा असतो. माझ्या ‘चर्मकलावंत’चंही तेच.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये मिलानच्या मंचावर तशाच चपला दिसल्या, तेव्हा आपण योग्यच चिडलो. पण चिडलो ते कोल्हापूरच्या नावासाठी. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं कातडं उलटंपालटं करणाऱ्याचं नाव त्या रागात कितीसं होतं? कोर्दोबासारखंच झालं: वस्तूला शहराचं नाव मिळालं, माणसाला जातीचं.

मग अनुवादात काय लिहावं? एक मोह होतो, की झाकपाक नको, जुना रांगडा शब्दच वापरावा. पण तो शब्द शिवीसारखा फेकला गेला आहे, आणि फेकणाऱ्यांत माझ्याच घरातली माणसं होती. याच काशीचे संत रविदास, आपले रोहिदास, आपल्या पदांतून स्वतःची जात स्वतः सांगतात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 40 पदं आहेत. स्वतःच्या तोंडून आलेलं ते नाव ही साक्ष असते. माझ्या तोंडून तेच नाव पुन्हा दगड होऊ शकतं. म्हणून माणसासाठी ‘चर्मकार’, कारण तो शब्द समाजाने स्वतः स्वीकारला आहे. पण कामासाठी ‘प्रक्रिया’ नाही. त्या शब्दाला कसलाच वास येत नाही. माणसाला मान द्यायचा म्हणून त्याचं काम धुऊन टाकलं, तर तो मान पोकळ ठरतो.

कामासाठी शब्द मराठीत होताच, मीच तो टाळला होता. आपण कातडं ‘कमावतो’. पैसा कमावतो, नाव कमावतो, शरीर कमावतो, गवयाचा आवाज कमावलेला असतो. स्पॅनिशमध्येही अनुभवाने मुरलेल्या माणसाला ‘कुर्तिदो’, म्हणजे कमावलेला, म्हणतात. दोन्ही भाषांनी त्या कुंडातलं काम शहाणपणाला आणि साधनेला उसनं दिलं. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्याशी सोयरीक तेवढी ठेवली नाही.

मी तीन शब्द खोडले आणि वाक्य पुन्हा लिहिलं: ‘एकाने कातडं कमावलं, दुसऱ्याने शिवलं, तिसऱ्याने त्यावर वर्ख चढवला.’ यामुळे कोर्दोबातलं किंवा कोल्हापुरातलं काहीच बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या भाषेत पहिलं क्रियापद आता पहिल्या माणसाचं आहे.