विश्वास मागण्याचा अधिकार

२०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना एक इंजेक्शन, सुरुवात शाळांपासून. बोईसरच्या आमच्या उर्दू शाळेत पालकांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी तवक्कुलवर बोलले. वबा पसरली आहे असे कळताच हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवरून कसे परत फिरले, ते सांगितले. बायका माना डोलावत होत्या.

मागे उभा असलेला एक बाप बोलला. तारापूर एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात तो कामाला होता. "आपा, दवा वाईट असं मी म्हणत नाही. दवा आम्हीच बनवतो. माणूस चुकतो, ते रोज बघतो. तुमची मुलगी रांगेत असेल ना?"

माझी मुलगी चार वर्षांची. शाळेतल्या मुलांचे काय होते ते पाहू, मग हिला नेऊ, असे घरी ठरले होते. मी "हो" म्हटले.

त्याला अडाणी म्हणणे सोपे होते. पण परळच्या ज्या संस्थेला १९२५ साली हाफकिनचे नाव मिळाले, त्या हाफकिनची हकीकत त्याच्याच बाजूने बोलते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी ती लोकांसमक्ष घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायीही पुढे आले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनवर ठपका आला, तो १९०७ मध्ये दूर झाला. लस बरोबर होती, बाटली दूषित झाली होती. कारखान्यातला माणूस हेच सांगत होता.

एका माणसाने टोचून घेतल्याने लस निर्धोक ठरत नाही. त्याला फक्त दुसऱ्याला "घे" म्हणण्याचा अधिकार मिळतो. हाफकिननंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी लस घेतली, स्वखुशीने म्हणतात. गजाआडच्या माणसाची खुशी कितपत मोकळी असते? हे वाचताना मी थांबले, कारण माझ्या वर्गातली मुले माझ्यासाठी तेच कैदी होती. आधी त्यांना, मग माझ्या मुलीला. आणि सगळ्यांनीच थांबून पाहायचे ठरवले, तर पाहायचे कोणाकडे?

लसीच्या दिवशी मुलीला शाळेत नेले. नर्सबाईंना विनंती करून पहिली तिलाच बसवली. ती रडली. हाफकिनने स्वतःचा दंड पुढे केला होता, मी मुलीचा केला. तिला कोणी विचारले नव्हते.

तो बाप दाराशी उभा होता. म्हणाला, "आपा, मी आठ दिवस बघतो." मला काही बोलता आले नाही. नंतर कळले, आठवड्याने तो मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला होता.